रबरी माशाचा ताळेबंद

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने मासेमारीवर लेख लिहिला, हे पाहून आमचे प्राध्यापक चष्म्यावरून माझ्याकडे बघतील, याची मला पूर्ण कल्पना आहे. पण वाचकहो, हा लेख मासेमारीवर आहे तितकाच हिशेबावरही आहे. वस्तू विकत घ्यायची, वापरायची, आणि ती "चांगली" की "वाईट" हे ठरवायचे, एवढेच मला करायचे होते. ते करताना जमेच्या आणि खर्चाच्या रकान्यांत न बसणारी एक गोष्ट हाती लागली. ती कोणत्या रकान्यात लिहावी, याचा विचार मी अजून करतो आहे.

यंदा परीक्षा लांबल्या आणि जूनच्या अखेरीस मी बडोद्याला मामांकडे गेलो. मामांचे घर रावपुऱ्यात, घड्याळाच्या टॉवरपासून चालत पाच मिनिटांवर. हा टॉवर महाराणी चिमणाबाईंच्या स्मरणार्थ १८९६ साली बांधला. त्याच्या आसपासच्या जुन्या घरांत मराठी आणि गुजराती एकाच वाक्यात नांदतात. मामेभाऊ आईशी मराठीत भांडतो आणि दुकानदाराशी गुजरातीत. आमचे बेळगावातही तसेच, फक्त गुजरातीच्या जागी कन्नड. त्यामुळे मला तिथे परके वाटत नाही.

मामेभावाला मासे धरण्याचा नाद. मी पोहोचलो त्याच दिवशी त्याचे एक पार्सल आले. पाकिटातून निघाला एक रबरी मासा! साडेचार इंच लांब, पाठ काळसर, पोट चांदीसारखे, डोळे इतके जिवंत की मामी म्हणाल्या, "अगंबाई, हा माझ्याकडेच बघतोय!" किंमत चारशे वीस रुपये. मामा वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, "चारशे वीस? आकडा तरी बरा बघायचा होतास रे!"

पाकिटावर लिहिले होते की हा मासा मूळ अमेरिकेत 'बास' नावाच्या माशासाठी तयार झाला आहे. मोठा बास लहान मासे गिळून जगतो, म्हणून त्याला लहान माशाची हुबेहूब नक्कल दाखवायची, अशी कल्पना. या बासचे तिकडे केवढे वेड! १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या गृहस्थाने बावीस पौंड चार औंसांचा बास धरला. तो विक्रम पुढे ७७ वर्षे टिकला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जवळजवळ तेवढ्याच वजनाचा मासा धरून त्याची बरोबरी केली. आपल्या तळ्यांत बास नाही. पण त्याच स्वभावाचा, दबा धरून झडप घालणारा मासा आपल्याकडेही आहे. तो म्हणजे मरळ. मामेभावाचा बेत मरळीचा होता.

आता परीक्षण. मी म्हटले, "वस्तू घेतलीच आहेस, तर नीट तपासू. पाण्यात टाकली आणि मासा लागला, म्हणून चांगली. नाही लागला, म्हणून वाईट, असे नको."

पहिली तपासणी वाड्याच्या मागच्या हौदात झाली. चांगल्या रबरी माशाची खरी परीक्षा तो हळू ओढल्यावर होते. जोरात ओढली तर चप्पलसुद्धा पाण्यात वळवळेल! या माशाची शेपटी रुंद आणि चपटी, वल्ह्याच्या पात्यासारखी उभी असते. ओढताना पाणी तिच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे धरून सुटते आणि ती डावी-उजवी हलते. शेपटी हलली की अंगही किंचित डोलते. पोटात वजन असते, म्हणून मासा उताणा होत नाही. गळाचे टोक पाठीच्या खाचेत लपवलेले असते, म्हणून तो शेवाळात आणि कमळाच्या देठांत अडकत नाही. मासा दातांनी दाबतो, तेव्हा रबर दबते आणि टोक बाहेर येते. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, तिला पार्श्वरेखा म्हणतात. तिच्यातून त्याला पाण्याची थरथर कळते. गढूळ पाण्यात डोळ्यांना दिसण्याआधी ही थरथर पोहोचते. आमचा रबरी मासा अगदी मंद ओढीवरही शेपटी हलवत होता. या विषयात मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

दुसरी तपासणी न ठरवता झाली. मामेभावाने तो मासा रात्री मामांच्या चष्म्याच्या जुन्या प्लास्टिकच्या डबीत ठेवला. सकाळी डबीचा तळ वितळल्यासारखा चिकट झाला होता. कारण साधे आहे. हे 'रबर' म्हणजे रबर नव्हेच. ते पीव्हीसी, म्हणजे आपल्या नळाच्या पाइपाचे प्लास्टिक. तेलासारखे द्रव्य घालून मऊ केलेले आणि तापवून साच्यात ओतलेले. ते तेल हळूहळू बाहेर येते आणि काही प्लास्टिकांना खाते. मामांनी डबी नाकाशी धरली आणि विचारले, "हे माशाच्या पोटात गेलं तर?" तेव्हा आम्ही हसलो. प्रश्न मात्र मी वहीत लिहून ठेवला.

मासे कुठे धरावेत हाही प्रश्नच होता. विश्वामित्री नदी शहरातूनच वाहते, पण तिच्यात मगरी आहेत. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्त्यांत आल्या होत्या, हे वाचकांना आठवत असेल. आजवा तलाव सयाजीराव महाराजांनी शहराच्या पाण्यासाठी बांधला. तिथेही मगरी. शेवटी मामेभावाच्या ओळखीने वाघोडियाच्या बाजूचे एक गावतळे ठरले. तळे मक्त्याने घेतलेल्या गृहस्थांना शंभर रुपये दिले. त्यांचे वृद्ध वडील राखणीला बसत. त्यांना आम्ही काका म्हणू लागलो.

पहिली सकाळ. मी साध्या काठीला गांडूळ लावले, मामेभावाने रीळवर रबरी मासा. गांडूळ फुकट, काकांच्या शेणखड्यातले. तीन तासांत मला दोन चिलापी आणि एक शिंगाळा मिळाला, सगळे वीतभर. मामेभावाने चौसष्ट वेळा मासा फेकला, तीनदा धक्का बसला, आणि एक मरळ लागली, चांगली किलोभर. घरी मामींनी रस्सा केला. सगळ्यांनी वाखाणला, मीसुद्धा.

इथे एक गोष्ट रबरी माशाच्या बाजूने प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. माझ्या एका चिलापीने गांडूळ गळासकट पोटात गिळले होते. गळ काढताना ती मेली. वीतभर मासा, सोडायचा होता, पण सोडून उपयोग नव्हता. मामेभावाच्या मरळीचा गळ मात्र ओठात होता. हा योगायोग नव्हे. खऱ्या खाद्याला मासा चव घेत गिळतो, नकली खाद्यावर झडप घालतो, आणि बहुधा त्याचा ओठ अडकतो. म्हणजे लहान मासा जिवंत सोडायचा असेल, तर गरिबाच्या गांडुळापेक्षा हे परदेशी खेळणे जास्त दयाळू आहे. मला हे पटायला जड गेले, पण पुराव्यापुढे इलाज नाही.

दुसऱ्या सकाळी आभाळ भरले होते. तळ्याच्या एका कोपऱ्यात, कमळाच्या पानांजवळ, पाण्यावर केशरी-तांबडी लाली दिसली. जणू कुणी कुंकवाची पुडी सांडली होती. ती लाली हलत होती. एकदम वर यायची, पाण्यावर बारीक बुडबुडे उठायचे, पुन्हा खाली जायची. मामेभाऊ म्हणाला, "थांब, आता बघ!" आणि त्याने मासा बरोबर त्या लालीच्या पलीकडे फेकून तिच्यामधून ओढला.

पहिल्या फेकीला पाणी उसळले, पण काही लागले नाही. दुसऱ्यालाही तसेच. जणू कोणी रबरी माशाला डोक्याने ढुशी मारली. तिसऱ्या फेकीला काठी वाकली. मरळ बाहेर आली तेव्हा काका बांधावरून उठून आले होते. त्यांनी मासा पाहिला, पाण्यावरची ती लाली पाहिली आणि हळूच म्हणाले, "बच्चांवाळी छे, भाई. मूकी दो." पिल्लांवाली आहे, सोडून द्या.

वाचकहो, ती लाली म्हणजे मरळीची पोरे होती. पावसाळा हा मरळीचा विणीचा काळ. अंडी घातल्यापासून पिल्ले शहाणी होईपर्यंत नर-मादी त्यांच्याखाली पहारा करतात. मरळ हवेत श्वास घेणारा मासा, म्हणून पिल्लांचा थवा थोड्याथोड्या वेळाने वर येतो आणि सगळ्यांना दिसतो. जवळ काहीही आले, बेडूक, मासा, रबराचा तुकडा, तरी पहारेकरी त्याच्यावर तुटून पडतो. त्या सकाळी ती मरळ भुकेली नव्हती. तिने आमिष खाल्लेच नाही. तिने शत्रूला हाकलले.

मामेभावाने गळ काढला आणि मरळ पाण्यात सोडली. ती काळी रेघ होऊन खाली गेली. आम्ही अर्धा तास तिथेच बसलो. मधल्या वेळात फुटलेल्या थव्याच्या कडेने चिलापी तोंडे उघडत फिरत होत्या. मग लाली पुन्हा एकत्र झाली, पण आधीपेक्षा लहान. परतताना मला आदल्या दिवशीची मरळ आठवली. तिची पोरे कुठे होती, हे पाहण्याचेसुद्धा आम्हांला सुचले नव्हते.

आता हिशेब मांडतो. खरेदी चारशे वीस. दुसऱ्या सकाळच्या शेवटी शेपटी अर्धी तुटली, म्हणजे घसारा दोन दिवसांत शंभर टक्के! घरी आणलेला मासा एक. या भावाने मासा खाणारा माणूस दिवाळखोरीत जाईल. मामा म्हणाले, "अरे, नादाचा हिशेब करायचा नसतो. सिनेमाला गेलास, तर घरी काय आणतोस?" हे म्हणणे मला मान्य आहे. छंदाला पैसे लागतात, आणि पहाटेचे तळे पाहायला मिळते हीही जमाच आहे. तेव्हा पैशाचा रकाना मी बंद करतो.

पण ताळेबंदात देणी नावाची एक बाजू असते. ती लपवून ठेवली तर नफा खोटा दिसतो, हे आम्हांला पहिल्या वर्षीच शिकवतात. रबरी माशाची देणी दोन आहेत. पहिले देणे तुटलेल्या शेपटीचे. ती तळ्यातच राहिली. ती कुजणार नाही. अमेरिकेतल्या तळ्यांत ट्राउट माशांच्या पोटांत असे रबरी तुकडे सापडले आहेत. ते पोटात फुगतात आणि बाहेर पडत नाहीत. मेन राज्यात २०१३ साली अशा रबरी आमिषांवर बंदी घालण्याचा प्रस्तावही विधिमंडळापुढे आला होता. इंग्लंडमध्ये गळाला लावायच्या शिशाच्या लहान वजनांनी राजहंस मरू लागले, तेव्हा १९८७ साली ती वजने बंद केली गेली. इंग्रजांनी काही मासेमारी सोडली नाही, फक्त वजनाचा धातू बदलला. मामांच्या डबीने आम्हांला आधीच इशारा दिला होता.

दुसरे देणे त्या लालीचे. एक मासा धरला, असे आपण म्हणतो. विणीच्या काळात पहारेकरी धरला, तर एक मासा धरला जात नाही, सगळा थवा उघडा पडतो. बासचेही असेच आहे. त्याचा नर घरट्यावर पहारा करतो. म्हणून कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या मोठ्या भागात बास धरण्याचा मोसम जूनच्या उत्तरार्धापर्यंत उघडतच नाही. ज्यांनी हे हत्यार वापरात आणले, त्यांच्याकडे त्याचे कुलूपही आहे. आपण हत्यार तेवढे मागवले आणि कुलूप तिकडेच राहिले!

आणि कुलूप आपल्याला नवीन आहे का? मुळीच नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यंत्रावर चालणाऱ्या नौकांना मासेमारी बंद असते. कायद्याच्या कितीतरी आधीपासून कोळी नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच समुद्रात होडी घालत आले आहेत. ज्याचे पोट माशावर आहे तो थांबतो, आणि ज्याचा तो केवळ नाद आहे तो पावसाच्या पहिल्या सरीला काठी उचलतो. हे उलटे नाही काय?

मामेभावाने प्रवासभर माझ्याशी वाद घातला. तो म्हणाला, "मरळीचा रस्सा दोनदा वाढून घेतलास, आणि आता प्रवचन?" प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की मी मासा खाण्याच्या विरुद्ध नाही, गळाच्याही नाही. भुकेने आमिषाला लागलेला मासा आणि पोरांसाठी धावून आलेला मासा यांत फरक आहे. पहिल्याशी आपण डाव खेळतो. दुसऱ्याला डाव ठाऊकच नाही. पाकिटावर लिहिले होते, "भुकेल्या माशाला फसवणारा". निदान त्या सकाळी पाकीट खोटे बोलले.

दुसरा आक्षेप असा, की जाळी टाकणारे अख्खे तळे उपसतात, तिथे दोन पोरांच्या एका गळाने काय बिघडणार? पण जाळेवाला मक्ता भरतो, बीज सोडतो, पुढच्या वर्षी त्याला त्याच तळ्यावर जगायचे असते. काकांनी "सोडून द्या" म्हटले ते केवळ दयेने नव्हे. त्या लालीत त्यांच्या पुढच्या वर्षाचा हिशेब होता. आमच्यापेक्षा त्यांना कॉमर्स जास्त कळत होते.

बडोद्याहून निघण्याआधी मामांनी एक गोष्ट सांगितली, ती आपल्या या मराठी-कन्नड अंकात सांगितलीच पाहिजे. बाराव्या शतकात कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. त्याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्यकारभार आहे, पाककला आहे, संगीत आहे, आणि 'मत्स्यविनोद' म्हणजे गळाने मासे धरण्याचा खेळही आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणाला कोणते खाद्य आवडते, दोरी कशाची करावी, हे एका राजाने लिहून ठेवले. आणि हा कन्नड देशीच्या राजाचा ग्रंथ छापला कुठे? बडोद्यात! गायकवाडांच्या प्राच्य ग्रंथमालेत, श्रीगोंदेकरांच्या संपादनाखाली, १९२५ पासून. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या राजाला ठाऊक होते की आधी मासा ओळखावा, मग आमिष निवडावे. आम्ही आधी आमिष विकत घेतले आणि मासा नंतर ओळखला.

शब्दसुद्धा किती जवळचे! मराठीत गळ, गुजरातीत गल, कन्नडमध्ये गाळ. मराठीत मात्र गाळ म्हणजे तळ्याच्या तळाशी साचतो तो. तुटलेली शेपटी आता तिथेच आहे.

तर निकाल. पोहण्यात उत्तम. ओठाशी लागण्यात उत्तम, गांडुळापेक्षा सरस. टिकण्यात नापास. वस्तू म्हणून मी तिला वाईट म्हणणार नाही. पण वापरणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात, असे माझे मत आहे. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा, म्हणजे सोडायचा मासा पटकन सुटतो. फाटलेले रबर खिशात घालून घरी आणावे. आणि जूनपासून ऑगस्टपर्यंत, निदान जिथे पाण्यावर ती लाली दिसते तिथे, काठी खाली ठेवावी. हे कोणी कायद्याने सांगण्याची वाट पाहू नये. आपल्याकडेही मार्कंडेयाच्या काठी सुट्टीच्या दिवशी काठ्या घेऊन बसणारे विद्यार्थी आहेत. त्यांतल्या काहींच्या हाती आता असेच रबरी मासे दिसू लागले आहेत. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

मामेभावाचे परवा पत्र आले. म्हणजे मोबाइलवरच, पण चांगले लांबलचक. आमचे अजून पुरते पटलेले नाही. "तुझा पावसाळा मान्य, पण उलटा काटा दाबला तर मोठा मासा निसटेल," असे तो म्हणतो. निसटू दे, असे मी कळवले आहे. अर्ध्या शेपटीचा तो रबरी मासा त्याने मला भेट दिला. माझ्या टेबलावर, काचेच्या बाटलीत, तो एका अंगावर कलंडून पडला आहे. प्लास्टिकच्या डबीत तो मी ठेवत नाही.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष